मुलाला भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगावे?



बैल आजारी पडला, तर तो कधीपासून चरत नाही, रवंथ करतो का, हे आपण गुरांच्या डॉक्टरांना न विचारता सांगतो. पण जन्मतः व्यंग असलेल्या मुलाला ऑपरेशनसाठी नेताना मात्र आपली जीभ अडते. घरची गोष्ट बाहेर कशी सांगावी, अशी लाज वाटते. ही लाज मुलाच्या जिवावर बेतू शकते.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. भुलीने स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटू शकते, हृदयाची गती बदलते. भूलतज्ज्ञाला आधी कळले, तर तो तशी तयारी ठेवतो. तीन उदाहरणे पाहू.

१. आखूड जबडा : काही बाळांची हनुवटी फार लहान असते व जीभ मागे घशात पडते. पुष्कळदा टाळूही दुभंगलेली असते. फ्रान्सचे पियेर रोबँ यांनी १९२३ साली याचे वर्णन केले. अशा बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते. बाळ उताणे झोपले की घोरते, गुदमरते आणि कुशीवर बरे राहते, हे आईने अवश्य सांगावे.

२. डाऊन सिंड्रोम : या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असते, हे १९५९ साली डॉ. जेरोम लेजुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. यांतील जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. म्हणून भुलीत मान जपून हाताळावी लागते. मूल मान वाकडी धरते, चाल बदलली आहे किंवा हातांतील जोर कमी झाला आहे, असे दिसल्यास सांगावे.

३. स्नायूंचा आजार : मुलगा उशिरा चालू लागला, वारंवार पडतो, पोटऱ्या जाड दिसतात, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो, ही ड्यूशेन या आजाराची लक्षणे असू शकतात. अशा मुलास सक्सिनिलकोलीन हे औषध दिल्यास रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढून हृदय बंद पडू शकते. भुलीचे काही वायूही टाळावे लागतात. आईच्या माहेरी एखाद्या भावाला किंवा मामाला असा आजार होता काय, तेही सांगावे. घरात कोणाला भुलीचा त्रास झाला असेल, तर तो लपवू नये.

आता उपाशी ठेवण्याविषयी. सामान्यतः जेवण व गाईचे दूध ६ तास आधी, आईचे दूध ४ तास आधी बंद करतात. पाणी किती वेळ आधीपर्यंत द्यावे, हे डॉक्टर सांगतील. मूल रडते म्हणून आजीने चोरून दूध पाजू नये. भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात गेले, तर जीव धोक्यात येतो.

हृदयाचे जुने कागद, चालू औषधांची नावे व आधीच्या ऑपरेशनची माहिती एका पिशवीत ठेवा. शक्यतो लहान मुलांच्या भुलीची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळात जा.

जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले, तेव्हा प्रभूने त्याला व त्याच्या आईबापांनाही दोष दिला नाही (योहान, अध्याय ९). मग आम्ही लाज कसली धरावी? डॉक्टरांना सारे मोकळेपणाने सांगू या.