जुन्या वस्तूंनाही हवा बाधते

पावसाळ्यात घराचे दार फुगून चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच दार सैल होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वैशाखात बैलगाडीच्या चाकाचे लाकूड आटते, लोखंडी धाव ढिली पडते. मग शेतकरी ते चाक पाण्यात भिजत ठेवतो. भजनी मंडळाच्या मृदंगाचे कातडे श्रावणात सैल पडते. या तिन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. लाकूड, कातडे, कापड आणि कागद हवेतील ओल शोषतात व सोडतात. ओल घेतली की फुगतात, सोडली की आकसतात. वर्षानुवर्षे असे होत राहिले, की वस्तू झिजते, तडकते.

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, तर २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. समजा, ३० अंशांच्या खोलीत दर घनमीटरला १५ ग्रॅम वाफ आहे. म्हणजे हवा अर्धी भरलेली आहे; यालाच सापेक्ष आर्द्रता ५० टक्के आहे असे म्हणतात. ही हवा २० अंशांपर्यंत थंड झाली, तर वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते! आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की कागदावर बुरशी धरते आणि लोखंड गंजते. हवा फार कोरडी झाली, तर कागद ठिसूळ होतो आणि लाकडाला चिरा पडतात. शिवाय उष्णतेमुळे कागद लवकर पिवळा पडतो.

आपल्या भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि दोन महिन्यांत भिंतींना ओल येते. नागपूरचा 'अजब बंगला' म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. १९५६ पर्यंत आपण व नागपूर एकाच प्रांतात होतो. छिंदवाड्याचे आदिवासी संग्रहालय १९५४ चे. १९९७ मध्ये त्याला स्वातंत्र्यसैनिक श्री बादल भोई यांचे नाव देण्यात आले आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. अशा संग्रहालयांत लाकूड, कापड, धातू सारे जवळजवळ असते. लोखंडाला कोरडी हवा मानवते, लाकडाला मध्यम.

पूर्वी मोठी संग्रहालये २० अंश आणि ५० टक्के हेच प्रमाण काटेकोर पाळत. आता १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के एवढी मोकळीक बऱ्याच वस्तूंसाठी मान्य झाली आहे. मात्र बदल सावकाश व्हावा, ही अट आहे. दिवसा एसी लावायचा आणि रात्री बंद करायचा, हे म्हणूनच घातक. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा थंड झालेल्या वस्तूंना लागते आणि त्यांवर दव धरते.

आपल्या वाडवडिलांना हे अनुभवाने ठाऊक होते. पोथी लाकडी फळ्यांमध्ये ठेवून सुती कापडात बांधत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागदही रुमालांत बांधलेले आहेत. कापड व लाकूड आधी ओल घेतात. आतल्या कागदापर्यंत बदल हळूहळू पोहोचतो.

हा विषय आपल्या शाळेच्याही जिव्हाळ्याचा आहे. जुने दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे अनेक कुटुंबांचा जन्मतारखेचा, जातीचा व रहिवासाचा पुरावा. आजोबांच्या नावाची ती एक ओळ बुरशीने गेली, तर ती पुन्हा कोण लिहून देणार? म्हणून विश्वस्त मंडळाला आणि पालकांना आमची विनंती आहे:

१. जुनी रजिस्टरे, मोडी कागद, फोटो पत्र्याच्या छताखाली किंवा दुपारी तापणाऱ्या पश्चिम भिंतीला लागून ठेवू नयेत.
२. जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून थोडे दूर ठेवावेत.
३. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या सुती कापडात बांधावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.
४. भिजलेले पान उन्हात वाळवू नये. सावलीत, पंख्याखाली वाळवावे.
५. लॅमिनेशन करू नये. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम. दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळा आणि दोन्ही रजिस्टरांच्या खोलीत टांगा. थोड्या वेळाने दोन्हींवरील अंश वाचा. फरक जास्त असेल तर हवा कोरडी, कमी असेल तर दमट. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज ठरावीक वेळी नोंद करा आणि आलेख काढा. कपाटाची जागा बदलावी की नाही, हे तो आलेखच सांगेल. तो मुख्याध्यापकांना जरूर दाखवा.