कोणती टेस्ट, कितव्या दिवशी?

अगं, आधी जरा टेक. फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं की जीव थाऱ्यावर नाही. रविवारी साखरपुड्यात ज्या मामींच्या शेजारी बसून जेवलीस, त्यांचा कोविडचा रिपोर्ट आज, मंगळवारी, पॉझिटिव्ह आला. लपवून न ठेवता त्यांनी सगळ्यांना कळवलं, हे फार चांगलं केलं. आणि तुझी ही घालमेल स्वतःसाठी नाही, हेही मला ठाऊक आहे. घरात सासऱ्यांना मधुमेह, जाऊबाईंना सातवा महिना. म्हणून तू आत्ताच्या आत्ता लॅबचा माणूस बोलावून अख्ख्या घराचे स्वॅब द्यायला निघालीस.

आज नको देऊस. का ते सांगते.

लॅबच्या खिडकीशी बसायला लागल्यापासून मी एक प्रश्न सतत ऐकत आलेय : "ताई, सगळ्यात चांगली टेस्ट कोणती?" लोक अगदी कळवळून विचारतात, पण त्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. टेस्ट कितव्या दिवशी करतेयस आणि तिच्याकडून तुला नेमकं काय कळायला हवंय, यावर सगळं अवलंबून असतं. चुकीच्या दिवशी केलेल्या टेस्टचे पैसे तर जातातच, वर खोटा दिलासा मिळतो. पैशांपेक्षा तो दिलासाच जास्त महागात पडतो.

मटकी फडक्यात बांधली की तासाभरात गाठ सोडून मोड आले का, असं आपण बघत नाही. विषाणूचंही तसंच आहे. तो नाकात शिरला तरी वाढून टेस्टला सापडण्याइतका व्हायला त्याला वेळ लागतो. 2020 मधल्या मूळ विषाणूची लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस जायचे, ओमिक्रॉनला साधारण तीन. कुणाला उशीर झालाच तरी बहुतेकांचं चौदा दिवसांच्या आत समजतं. म्हणून भेटीचा दिवस शून्य धर आणि पुढचे पाच दिवस पूर्ण जाऊ दे. रविवार शून्य, सोमवार एक, असं मोजत गेलीस की शुक्रवारी पाच भरतात. अंगात काहीच लक्षण नसेल तर तुझी टेस्ट शनिवारी. पेशंट घरातलाच असेल, तर त्याच्याशी शेवटचा संपर्क आला तो दिवस शून्य, हेही लक्षात ठेव.

मात्र यादरम्यान घसा खवखवला, अंग मोडून आलं, कणकण वाटली, खोकला सुरू झाला, तर मोजणं सोडून दे आणि त्याच दिवशी टेस्ट कर. लक्षणं आली याचा अर्थ टेस्टला सापडायला काहीतरी आहे. "हवा बदललीय, पावसात भिजले होते," अशी स्वतःची समजूत घालत दोन दिवस काढू नकोस.

आता टेस्ट कोणती ते बघू. मेडिकलमध्ये मिळणारी घरगुती किट म्हणजे रॅपिड अँटिजेन. पुण्याच्या मायलॅबच्या कोविसेल्फला आयसीएमआरने मे 2021 मध्ये मान्यता दिली, ती देशातली अशी पहिली किट. तेव्हा ती 250 रुपयांना होती. ही टेस्ट विषाणूच्या अंगातलं प्रथिन शोधते. ते भरपूर असेल तर पंधरा मिनिटांत सांगते, थोडं असेल तर तिच्या नजरेतून सुटतं. म्हणून तिचं पॉझिटिव्ह मानायचं. संपर्क आलेला आहे, लक्षणं आहेत आणि रेघ उमटली, तर पुन्हा खात्री करायला आरटीपीसीआरवर खर्च करायची गरज नाही. निगेटिव्हवर मात्र लगेच विसंबायचं नाही. लक्षणं असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायची, हा आयसीएमआरचा पहिल्यापासूनचा नियम आहे. ते जमण्यासारखं नसेल तर निदान 48 तासांनी दुसरी अँटिजेन कर. लक्षणं नसतील तर अशा तीन टेस्ट, प्रत्येक दोन टेस्टमध्ये 48 तास सोडून. अमेरिकेच्या एफडीएनेही 2022 मध्ये घरगुती टेस्टसाठी हेच सांगितलं. एका टेस्टने हुकलेलं दुसरीत सापडतं, कारण मधल्या दोन दिवसांत विषाणू वाढलेला असतो.

किट वापरताना घाई नको. आधी डब्यावरची एक्स्पायरी बघ. कपाटात राहिलेली जुनी किट डोळे झाकून वापरू नकोस. हात धू, काडीच्या कापसाला बोट लागू देऊ नकोस. काडी नाकाच्या तोंडाशी फिरवून भागत नाही. दोन्ही नाकपुड्यांत दोनेक सेंटिमीटर आत, कडेच्या भिंतीला टेकवून, कागदावर सांगितलंय तितक्या वेळा गोल फिरव. थोडं हुळहुळेल, डोळ्यांत पाणी येईल, येऊ दे. मग ट्यूबमधल्या द्रवात काडी नीट पिळून घे, आणि पट्टीवर सांगितले तेवढेच थेंब टाक, जास्त नाही. फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लाव.

रेघा वाचताना आधी पट्टीवरच्या 'सी' अक्षराकडे बघ. तिथे रेघ नसेल तर टेस्ट बाद, मग 'टी'पाशी काहीही दिसो. 'सी'ची रेघ आली आणि 'टी'पाशी फिकट, अगदी डोळे बारीक करून बघावी लागेल अशी रेघ दिसली, तरी ती रेघच. "एवढीशीच आहे, नसल्यासारखीच" असं म्हणायचं नाही. फिकट रेघ म्हणजे अर्धा पॉझिटिव्ह नव्हे. उलट, सांगितलेली वेळ टळून गेल्यावर तासाभराने पट्टीवर काही उमटलं, तर ते धरायचं नाही. म्हणून वेळेवर बघ, फोटो काढ आणि किट पिशवीत बंद करून टाकून दे.

आरटीपीसीआरची गोष्ट वेगळी. ती विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते आणि यंत्रात त्याच्या प्रती दुप्पट-दुप्पट करत नेते. एकापासून सुरुवात केली तर तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर जातात. म्हणून अगदी थोडा विषाणूही तिला सापडतो. या टेस्टची देशात बनलेली पहिली किट मंजूर झाली मार्च 2020 मध्ये, आणि तीही आपल्या पुण्यातच. मायलॅबच्या त्या चमूच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्या कामात होत्या. त्या काळात महाराष्ट्रात खासगी लॅबमध्ये हीच टेस्ट साडेचार हजारांना पडायची. मार्च 2021 अखेर सरकारने दर 500 रुपयांवर आणला. आता परवडते म्हणून ऊठसूट करायची नसते, आणि गरज असताना टाळायचीही नसते.

गरज कधी, ते सांगते. लक्षणं आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह आली, तेव्हा. घरात सासऱ्यांसारखं नाजूक माणूस आहे आणि एकाच टेस्टमध्ये जास्तीत जास्त खात्री हवी, तेव्हा. डॉक्टरांना उपचार ठरवायला लेखी रिपोर्ट हवा, तेव्हा. आणि नको कधी? गेल्या तीन महिन्यांत तुला कोविड होऊन गेला असेल, तेव्हा. कारण माणूस बरा झाल्यावरही विषाणूचे मेलेले तुकडे नाकात राहतात आणि आरटीपीसीआर त्यांनाही पकडते. बरी झालीस का हे बघायला ही टेस्ट पुन्हापुन्हा करत बसलीस तर उगाच घोर लागेल. त्या वेळी लक्षणं आली तर अँटिजेन जास्त उपयोगाची.

रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू छापलेली दिसेल. विषाणू कितव्या फेरीला सापडला, तो हा आकडा. कमी आकडा म्हणजे नमुन्यात विषाणू जास्त. आयसीएमआरने 35 पर्यंत पॉझिटिव्ह धरलंय. पण या आकड्यावरून आजार किती वाढेल हे ठरत नाही. स्वॅब कसा घेतला, किट कोणती, नमुना किती वेळ पडून होता, यानेही तो बदलतो. तेव्हा "माझा 18, तुझा 27" अशी तुलना करून एकीने रडायचं आणि दुसरीने बाजारात जायचं, हे नको. दोघींनीही घरीच बसायचं.

अँटिबॉडी टेस्टच्या वाटेला या कामासाठी जाऊच नकोस. रक्तातली ती प्रतिपिंडं लागण झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. आज लागण झालीय का, हे त्यातून कळत नाही. आणि एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन, ही कोविड आहे का हे बघायची टेस्ट नाही. 2021 च्या लाटेत माणसं स्कोअर काढायला स्वतःहून रांगा लावत होती. सौम्य आजारात त्याने काही साधत नाही, अंगावर किरणोत्सर्ग तेवढा घेतला जातो. जाऊबाईंना तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या खोलीत पाऊलही टाकू देऊ नकोस.

मग घरात कुणाकुणाची टेस्ट करायची? तू सगळ्यांची म्हणत होतीस. जानेवारी 2022 मध्ये आयसीएमआरने स्पष्ट केलं की पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाची टेस्ट गरजेची नाही. साठीपुढची माणसं, मधुमेह, रक्तदाब, फुफ्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली माणसं संपर्कात आली असतील तर त्यांची करावी. तुझ्या घरातून साखरपुड्याला तू आणि भाऊजी, दोघंच गेला होतात. सासरे आणि जाऊबाई मामींना भेटलेच नाहीत, म्हणून आज त्यांचा स्वॅब घेऊन काही कळणार नाही. टेस्ट तुमची दोघांची, शनिवारी. तुमच्यापैकी कुणाला लक्षणं आली किंवा रेघ उमटली, तर सासरे आणि जाऊबाईंबद्दल लगेच डॉक्टरांशी बोल. नाजूक माणसांसाठी औषधं आहेत, पण ती लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत चालू करावी लागतात. म्हणून त्यांच्या बाबतीत "बघू उद्या" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

शनिवारपर्यंत काय करायचं, ते टेस्टपेक्षा महत्त्वाचं आहे. आजपासून तुम्ही दोघं घरात मास्क लावा, एन 95 असेल तर उत्तम. साखरपुड्यापासून दहा दिवस तो सुटू देऊ नका. जेवण वेगळ्या वेळी घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. सासऱ्यांचं इन्सुलिन तू देतेस ना? हे काही दिवस ते सासूबाईंना सांग. सासऱ्यांना वाईट वाटेल, सून दूर दूर का राहतेय असं वाटेल, तर सरळ बोल. घरात खरं सांगितलं की माणसं समजून घेतात.

शनिवारी निगेटिव्ह आली तर जीव हलका होईल, होऊ दे. पण तो निकाल त्या दिवसापुरता आहे, पुढच्या आठवड्याचा परवाना नव्हे. सोमवारी पुन्हा कर, बुधवारी आणखी एकदा. आणि ताप असूनही कोविड निगेटिव्हच येत राहिला, तर त्यावरच थांबू नकोस. फ्लू आहे, डेंग्यू आहे, डॉक्टरांना दाखव. कुणालाही धाप लागली, छाती दाटली, ओठ निळसर दिसले किंवा ऑक्सिमीटर 94 च्या खाली गेला, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता शेवटचं, आणि हे मी तुला बहीण म्हणून सांगतेय. खिडकीशी बसून मी कितीतरी बायका पाहिल्यात, ज्यांनी नवऱ्याचा स्वॅब दिला, मुलांचा दिला, सासू-सासऱ्यांचा दिला, आणि स्वतःचं विचारलं की म्हणाल्या, "माझं काय, मी ठीक आहे." घरातल्या प्रत्येकाच्या ताटापाशी, औषधापाशी, उशापाशी जाणारी तीच असते, म्हणून तिचा स्वॅब सगळ्यात आधी व्हायला हवा. तू स्वतःला यादीत शेवटी टाकू नकोस. पॉझिटिव्ह आलीस तर अपराधी वाटून घेऊ नकोस. आजार हा काही गुन्हा नाही. त्याच दिवशी, रविवारनंतर ज्यांना ज्यांना भेटलीस त्यांना फोन कर. कामवाल्या मावशींना पगारी सुट्टी दे, आणि स्वयंपाकाचं बघायला मला सांग, दोन्ही वेळचा डबा दाराशी येईल. आज रात्री एवढंच कर : मास्क हाताशी काढून ठेव, दोघांना पुरतील एवढ्या किट मागव, आणि कॅलेंडरवर शनिवारला गोल कर.