न दिसणारें गिऱ्हाईक : घरबसल्या माल विकणाऱ्यांस कांहीं सूचना

शेतमाल पिकविणें ही एक विद्या आहे, आणि पिकविलेल्या मालाचा पैसा सुखरूप घरीं आणणें ही दुसरी. पहिलीविषयीं आपण वरचेवर बोलतों. दुसरीकडे मात्र नुकसान झाल्यावरच आपलें लक्ष जातें. २०१६ सालीं महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा झाला, आणि त्याच सालीं यूपीआयची पद्धत सुरू झाली. तेव्हांपासून आंबा, बेदाणा, हळद, गूळ असा माल मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकास विकण्याची वाट पुष्कळांनीं धरली आहे. मधला दलाल गेला हें चांगलेंच झालें. पण त्याबरोबर समोरासमोरची ओळखही गेली. अडत्याचा कांटा खोटा असला तरी त्याची पेढी कोठें आहे हें आपणांस ठाऊक असतें. येथें गिऱ्हाइकाचें नांव खरें कीं खोटें हेंही कळत नाहीं.

आमचीच एक हकीकत सांगतों. आंब्याच्या ऐन हंगामांत एका गृहस्थानें दोन डझनांच्या सहा पेट्या फोनवरून मागविल्या. ठरल्या वेळीं भाड्याची गाडी दारांत आली, आणि त्याच क्षणीं पैसे पाठविल्याचें चित्र, म्हणजे ज्यास स्क्रीनशॉट म्हणतात तें, आमच्या मोबाइलवर आलें. रक्कम बरोबर, नांव आमचें, वर हिरवी खूण. गाडीवाल्यास घाई होती. आम्हीं पेट्या चढवूं दिल्या. सायंकाळीं खातें पाहिलें तों त्यांत एक रुपयाही जमा नव्हता, व त्या गृहस्थाचा फोन बंद होता. बारा डझन फळ म्हणजे फार मोठें धन नव्हे. परंतु मोहोरापासूनच्या फवारण्या, बागेची राखण आणि उतरणीची मजुरी त्यांत होती. चूक आमची होती, म्हणूनच ती येथें मांडीत आहों.

या ठकबाजीचे मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिला प्रकार खोट्या पावतीचा. तो वर आलाच. त्याचीच दुसरी बाजू अशी कीं, ठक चार हजारांच्या मालासाठीं चौदा हजार पाठविल्याचा बनावट संदेश धाडतो, आणि "चुकून जास्त गेले, दहा हजार तेवढे परत करा" अशी काकुळती करतो. भला माणूस खातें न पाहतां पदरचे दहा हजार देऊन बसतो.

दुसरा प्रकार क्यूआर कोडचा. गिऱ्हाईक मोठी मागणी नोंदवितें, भावाची घासाघीस मुळींच करीत नाहीं, आणि पुष्कळदां आपण सैन्यांत अधिकारी असल्याचें सांगतें. मग "विसार पाठवितों, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असें म्हणतें. पिन टाकतांच पैसे येण्याऐवजीं जातात. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देतांना किंवा शिल्लक पाहतांना; पैसे घेतांना तो कधींच लागत नाहीं. एका व्यक्तीनें दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी धाडण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यांत आली आहे, ती याच फसवणुकीमुळें. तथापि कोड स्कॅन करविण्याची युक्ति शिल्लकच आहे, हें विसरूं नये.

तिसरा प्रकार माल पोहोंचल्यानंतरचा. पेटी उघडून फळ खाल्लें जातें, आणि चार दिवसांनीं नासक्या फळाचें चित्र येतें : "सगळा माल खराब निघाला, पैसे परत करा." चित्र कोणत्या पेटीचें, कोणत्या दिवसाचें, कांहीं सांगतां येत नाहीं. कोणी परत पाठविलेल्या खोक्यांत चांगला माल काढून भलताच भरतो. पैसे माल पोहोंचल्यावर घेण्याचे ठरविलें असेल, तर कोणी दारांतच पेटी नाकारतो. मग नाशवंत माल आठ दिवसांनीं आपल्याकडे परत येतो, तो उकिरड्यावर टाकण्यापुरताच.

यांवर आमचे नियम येणेंप्रमाणें :

१. पैसा चित्रांत नव्हे, खात्यांत पाहावा. आपल्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या अॅपमध्यें स्वतः पाहून रक्कम जमा दिसली, तरच माल हलवावा. नुसत्या संदेशावरही विसंबूं नये. उधारीचें पोतें सव्वा हात रितें, हें आपले वाडवडील सांगत आलेच आहेत. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यानेंही, उधारीचा करार नसेल तर, पूर्ण किंमत हातीं येईपर्यंत आपल्या ताब्यांतील माल अडवून ठेवण्याचा हक्क विक्रेत्यास दिला आहे. तेव्हां गाडीवाला खोळंबला तरी संकोच करूं नये.

२. जास्त पैसे खरोखरच आले, तर मागणारा सांगेल त्या नव्या खात्यावर ते पाठवूं नयेत. आपल्या बँकेस कळवावें, व तिच्या मार्फतच परतफेड करावी.

३. शर्ती आधीं लिहून कळवाव्या : भाव, वजन, फळाचा आकार, पोहोंचण्याची मुदत आणि तक्रारीची मुदत. नाशवंत फळास चोवीस तासांची तक्रार-मुदत आम्हांस वाजवी वाटते. गिऱ्हाइकाकडून "मान्य" असें लेखी उत्तर घ्यावें. माल ताब्यांत घेऊन वाजवी मुदतींत नाकारल्याचें न कळविणाऱ्यानें तो स्वीकारला असें वरील कायदा धरतो. पण वाजवी कोणती, हें आधीं ठरलेलें असेल तर वाद उरत नाहीं.

४. प्रत्येक पेटीस क्रमांक द्यावा. तो झांकणाच्या आंतील बाजूसही लिहावा. भरतांना, वजन करतांना व बंद करतांना मोबाइलवर एकसंध चित्रफीत घ्यावी आणि कुरिअरची पावती जपून ठेवावी. परत आलेली पेटीही चित्रफीत चालू ठेवूनच उघडावी.

५. अनोळखी गिऱ्हाइकास नाशवंत माल पोहोंचल्यावर पैसे घेण्याच्या बोलीवर धाडूं नये. निदान जाण्यायेण्याचें भाडें तरी आधीं घ्यावें.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकदां ठकलेला माणूस प्रत्येक तक्रारीस खोटी समजूं लागतो, आणि तेथें त्याचा धंदा बुडतो. हापूसमध्यें साका असतो; तो बाहेरून बागाइतदारासही दिसत नाहीं, कापल्यावरच दिसतो. अशी तक्रार बहुधा खरी असते. तेव्हां कापलेल्या फळाचें, पेटीवरील क्रमांकासह, चित्र मागवावें. मुदतींत आलें तर वाद न घालतां तेवढ्या फळांची भरपाई करावी. "विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं" ही पाटी ऑनलाइन बाजारपेठांवर निरुपयोगी आहे. कारण ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांप्रमाणें सदोष किंवा वर्णनाबरहुकूम नसलेला माल परत घेण्यास तेथील विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. क्रमांक व चित्रफीत यांचा खरा उपयोग हाच कीं, त्यांमुळें खरें गिऱ्हाईक व ठक निराळे ओळखतां येतात, आणि एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्यास होत नाहीं.

इतकें करूनही फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी व आपल्या बँकेस कळवावें. ठकाच्या खात्यांतून पैसा पुढें सरकण्यापूर्वीं तो गोठवितां येतो. म्हणून येथें दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे. व्यवहाराचा क्रमांक, संभाषण व फोन क्रमांक पुसून टाकूं नयेत. मालविक्रीच्या कायद्याचें साल आणि तक्रारीचा क्रमांक योगायोगानें एकच आहे, त्यामुळें तो लक्षांत ठेवणें सोपें आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणें ही फसवणूक गुन्हा आहे.

आम्हीं आमच्या बारा डझनांची तक्रार केली नाहीं. चारचौघांत हसें होईल असें वाटलें. तोच गृहस्थ पुढें दुसऱ्या एखाद्या बागाइतदाराच्या दारीं गाडी धाडीत असेल, तर त्या नुकसानींत आमच्या मौनाचाही वांटा आहे. वाचकांनीं तरी तसें करूं नये. घरांतील जो कोणी, मुलगा असो वा सून, मोबाइलवरील मागण्या घेतो, त्यास वरील पांच नियम हंगामापूर्वींच वाचून दाखवावे, अशी आमची विनंति आहे.