रानवाटांसाठी नकाशा-ॲपची निवड

गोव्याच्या पूर्व सीमेवरील मोले, सत्तरी व नेत्रावळीच्या वनप्रदेशात पदभ्रमण करणाऱ्यांच्या हाती आज बहुधा भ्रमणध्वनीवरील नकाशा असतो. शहरात पत्ता शोधून देणारे ॲप रानातही तितकेच उपयोगी पडेल, ही समजूत मात्र धोक्याची आहे. भ्रमणध्वनी आपले स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून ओळखू शकतो. त्यासाठी मनोऱ्याची गरज नसते. नकाशाचे चित्र मात्र इंटरनेटवरून येते. संपर्क तुटला की कोऱ्या पडद्यावर ठिपका तेवढा उरतो. म्हणून परिसराचा नकाशा आधीच उतरवून ठेवता येणे ही पहिली कसोटी होय. गूगल मॅप्समध्ये ही सोय आहे. तथापि इंटरनेटविना ते वाहनाचा मार्ग सांगते, पायी मार्ग सांगत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स व ऑस्मअँड ही ॲप्स संपर्काविनाही पायी मार्ग दाखवितात.

समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा नसतील, तर डोंगरात नकाशा निम्माच उपयोगाचा. अर्ध्या किलोमीटरची वाट सपाट नकाशावर किरकोळ भासते. परंतु रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असून वाट अशी दहा अंतरे ओलांडीत असेल, तर ती २०० मीटरची खडी चढण असते. शालेय सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हे आधी मोजावे.

वरील दोन्ही ॲप्सचा आधार एकच आहे : २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी रेखाटलेला ओपनस्ट्रीटमॅप. साहजिकच एकातील चूक दुसऱ्यातही असू शकते. दोन्ही जुळली म्हणून वाट खरी ठरत नाही. पडताळणी करावयाची तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाशी करावी आणि त्याहूनही आधी गावातील गुराख्यास विचारावे. उन्हाळ्यात ओलांडलेला व्हाळ आषाढात कमरेपर्यंत चढतो, हे कोणतेही ॲप सांगत नाही. नकाशावरील रेघ म्हणजे प्रवेशाचा परवानाही नव्हे. अभयारण्यासाठी वनखात्याची अनुमती घ्यावीच लागते.

निवडलेल्या ॲपची परीक्षा घरीच घ्यावी. इंटरनेट बंद करून परिचयाच्या वाटेने तासभर चालावे, ठिपका किती सरकतो व बॅटरी किती उतरते ते पाहावे. दाट झाडीत व खोल दरीत स्थाननिश्चितीस अधिक वेळ लागतो. निघताना मार्ग व परतीची वेळ लिहून गावात ठेवावी.