पठाण बघलंस?

दरवर्षी होळी सरली की मालवणला आमच्या ओटीवर कोणी ना कोणी येऊन बसतं. आधी डिझेलचा भाव, मग बांगड्याचा भाव, मग चहा, आणि शेवटी मूळ मुद्दा: जुनी होडी दुरुस्त करून घेऊ की फायबरची नवी बघू? मी सुतार नाही आणि होड्या विकतही नाही. घरच्या लाकडी होडीच्या दुरुस्तीचा हिशेब माझ्या हातचा आहे आणि तिच्या जागी आलेल्या फायबरच्या होडीचाही, एवढंच माझं भांडवल. त्या भांडवलावर मी विचारणाऱ्यालाच उलट विचारतो, "पठाण बघलंस?"

पठाण म्हणजे होडीच्या बुडातून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत जाणारा मुख्य वासा. त्यावर वाका, म्हणजे होडीच्या फासळ्या, उभ्या राहतात, वाकांवर फळ्या बसतात. फळी सडली तर बदलता येते. वाक गेली तर एकेक करून तीही बदलता येते. पठाण बदलायचा म्हणजे मात्र होडी नव्याने बांधायची, आणि वर जुन्या फळ्यांची अडचण सांभाळायची. त्यापेक्षा नवी बांधणं सोपं, हे कुठलाही सुतार जाणतो. पण विचारल्याशिवाय सांगत नाही, त्यालाही पोट आहे.

आमची होडी आजोबांनी बांधून घेतली होती. पठाण सागाचा, फळ्या फणसाच्या. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती दुरुस्त करायचं ठरवलं त्यात माया होतीच, पण गणितही होतं. इंजिन चांगलं चालत होतं, डोक्यावर कर्ज नव्हतं आणि बाहेरून बघता दोन-तीन फळ्यांचंच काम दिसत होतं. तेवढ्या माहितीवर मीही तेच ठरवलं असतं.

गोम आहे ती त्या 'बाहेरून बघता' मध्ये. लाकडी होडीला वरच्या अंगाने खातं ते पावसाचं गोडं पाणी. खारं पाणी बुरशीला फारसं मानवत नाही. पण पावसाचं पाणी तुळयांच्या टोकांशी, वाकांच्या वरच्या तोंडांशी, नाळेच्या माथ्याशी साचून राहतं, आणि लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी कामाला लागते. बुडाचा वैरी निराळा. त्याला सगळे किडाच म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. डोळ्यांना दिसणार नाही एवढा असताना लाकडात शिरतो, आतच वाढतो, आपल्या बोगद्याला आतून चुन्याचं पांढरं अस्तर लावतो आणि पुन्हा बाहेर येत नाही. बाहेर टाचणीने पाडल्यासारखं भोक आणि आत चाळण. ते भोकही रंगाचा एक हात मारला की दिसेनासं होतं. शिवाय लोखंडी खिळे. ते गंजतात तेव्हा एकटे गंजत नाहीत, भोवतीचं लाकूडही मऊ करून टाकतात. मग नवी कोरी फळी आणली तरी तिचा खिळा जुन्या वाकेत धरत नाही.

आमच्या सुताराने पहिली फळी सोडवली आणि आबांना हाक मारली. "आबा, हिच्याखालची वाक हाताक लागता तशी तुटता. ती काढूक गेलंय तर बाजूची फळी हालतली." बाजूची हालली. तिच्याखाली दुसरी वाक. लाकडी होडीची दुरुस्ती अशी आतून उलगडत जाते, म्हणून कामाआधी दिलेल्या अंदाजाला सुतारही फार मान देत नाही. लबाडी म्हणून नाही, त्यालाही आतलं दिसलेलं नसतं. पण मधेच थांबताही येत नाही, कारण अर्धी उघडलेली होडी कोणी विकत घेत नाही.

पैशांपेक्षा आम्हाला कॅलेंडरने जास्त मारलं, आणि हे मी प्रत्येकाला थांबवून सांगतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद. होडी तशीही किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली असते, हात मोकळे असतात. साहजिकच सगळ्यांना वाटतं, दुरुस्तीला याहून बरा मुहूर्त कोणता? पण ते आपल्याकडचे सगळ्यात ओले दिवस. बंदी सवड देते, कोरडेपणा देत नाही. ओल्या हवेत फळी सुकत नाही, रंग धरत नाही, सांध्यात ठासलेला कापूस आणि वरची राळ नीट बसत नाही. खरी दुरुस्ती होते माघापासून वैशाखापर्यंत, आणि तेव्हा तर मासेमारी चालू असते. म्हणजे मन लावून दुरुस्ती करायची तर कमाईचे महिने सोडावे लागतात. ही रक्कम सुताराच्या बिलात कुठेही लिहिलेली नसते. मी वहीत ती वेगळ्या पानावर मांडली तेव्हा ती लाकडाच्या खर्चापुढे गेली.

आम्हीही काम बंदीतच काढलं होतं. नारळी पौर्णिमा झाली, शेजारच्या होड्या उतरल्या, आमची अजून झापांखालीच. बंदी उठल्यानंतरचे पहिले आठवडे हुकले. आमच्या दोन खलाशांनी दुसऱ्या होडीकडून उचल घेतली. त्यांना नावं कशी ठेवणार? आणि सुताराला तोवर दुसऱ्या बंदरातून बोलावणं आलं.

याच घाईत कोणीतरी सुचवलं, उरलेलं काम सोडा, वरून फायबर मारून घ्या. लाकडी होडीच्या बुडावर काचतंतूंचं कापड आणि रेझिन चढवणं ही मुळात वाईट पद्धत नाही. किड्याला ती खरोखर अडवते. पण आतलं लाकूड आधी ठणठणीत कोरडं आणि धडधाकट लागतं. लाकूड पाण्याने फुगतं आणि उन्हाने आकसतं, वरचं कवच तसं हलत नाही. आत ओल राहिली तर ती कोंडली जाते आणि कुजणं झाकणाखाली चालू राहतं. नौदलाची शिडाची नौका 'म्हादेई' गोव्यात बांधली गेली, तिच्यातूनच दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले. तिच्या बांधणीतही लाकूड आणि फायबर एकत्रच होतं. पण तिथे लाकूड पहिल्या दिवसापासून कोरडं ठेवून मग कोंडलेलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं भिजलेल्या फळ्या श्रावणात मढवल्या गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात एका खिळ्याशी काळं पाणी पाझरू लागलं. तिथे बोट घातलं तर कवच पोळीच्या पापुद्र्यासारखं सुटत गेलं. पठाणाची खालची बाजू पहिल्यांदा उघडी पडली ती तेव्हा, आणि ती चाळण झालेली होती.

त्यावर लोक म्हणतात, अरे, साग शंभर वर्षं जातो. जातो की! 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका मुंबईत वाडियांनी मलबारी सागात बांधली, १८१७ साली पाण्यात उतरवली, आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. पण तिची दुरुस्ती १९९० ते २००१ अशी चालली, आणि त्या काळात तिला कोणाच्या घरची चूल पेटवायची नव्हती. ज्याला आजोबांची होडी आठवण म्हणून ठेवायची आहे त्याने खुशाल ठेवावी, त्यात हसण्यासारखं काही नाही. फक्त तो खर्च धंद्याच्या वहीत घालू नये.

मी दुरुस्तीच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका. आमच्याच वाडीतली एक लाकडी होडी दुरुस्त होऊन आजही उत्तम चालते. तिच्या मालकाने लाकूड आदल्या वर्षीच चिरून सावलीत रचून ठेवलं होतं, सुतार घरचाच होता, आणि शिवरात्रीनंतर त्याने होडी सरळ वर काढली. उन्हाळ्याच्या मासळीवर पाणी सोडलं ते समजून उमजून. हे सगळं जुळत असेल तर मी दुरुस्तीच करायला सांगेन. लाकडी होडी लाटेवर बसते तशी हलकी फायबरची बसत नाही, थांबल्यावर फार डोलते. जाळी ओढणाऱ्याची कंबर हा फरक लगेच ओळखते.

तेव्हा ठरवण्याआधी होडी वर काढा, बूड खरवडून घ्या आणि आठ-पंधरा दिवस सुकू द्या. लाकडी हातोडीने पठाणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोका. धड लाकूड खणखणतं, गेलेलं बदबदतं. संशय येईल तिथे बारीक गिरमिट लावून भुसा हातावर घ्या. कोरडा, लाकडाच्या रंगाचा भुसा आला तर बरं. काळपट ओला आला, किंवा त्यात चुन्याची पांढरी कणी दिसली, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. भोक नंतर लाकडी खुंटीने बुजवता येतं, त्याची काळजी करू नका. इंजिनाच्या बैठकीखालची जागा आणि शाफ्ट बाहेर पडतो तिथलं लाकूड हमखास तपासा, तेलाने काळं पडलेलं असल्यामुळे तिथली सड डोळ्यांना दिसत नाही. हे सगळं ज्याला काम मिळणार नाही अशा सुताराकडून करून घ्या, त्याची मजुरी वेगळी द्या.

मग तुलना बरोबर करा. बरेचजण जुन्या होडीच्या लाकूडकामाचा खर्च एका बाजूला ठेवतात आणि इंजिन, जाळी, जीपीएससकट तयार नव्या होडीची किंमत दुसऱ्या बाजूला. मग दुरुस्ती स्वस्त दिसणारच. इंजिन धड असेल तर ते नव्या होडीतही जाईल, जाळी तर जाईलच. सांगाड्याशी सांगाडा लावून बघा आणि बुडालेल्या हंगामाची रक्कम दुरुस्तीच्या बाजूला चढवा. आणि पाच वर्षांनी पुन्हा काम निघालं तर सुतार कोण, तेही आत्ताच विचारा. आमच्या भागातल्या जुन्या कारागिरांची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली. या प्रश्नाला उत्तर नसेल तर साग कितीही चांगला असून उपयोग नाही.

नवी फायबरची घेणाऱ्यालाही डोळे उघडे ठेवावेच लागतात. वरचा चकचकीत थर सगळ्यांचा सारखाच दिसतो, आत कापडाचे किती थर घातले ते दिसत नाही. म्हणून काम चालू असताना कारखान्यात जाऊन उभे राहा. रेझिन आयसोफ्थॅलिक आहे ना, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या, पाण्यात तेच जास्त टिकतं. आउटबोर्ड इंजिन टांगतात त्या मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. ते आयएस ७१० दर्जाचं मरीन प्लाय हवं, साधं नव्हे. ऐन पावसात साच्यातून काढलेली होडी मी घेणार नाही, ओल्या हवेत रेझिन नीट पिकत नाही. एकदा नीट बांधलेली मिळाली की खडकावर घासली तरी थोड्याशा कापडात आणि रेझिनमध्ये काम भागतं, सुताराची वाट बघावी लागत नाही. निरुपयोगी झालेल्या होडीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र लाकडापेक्षा इथे अवघड आहे. ती कुजत नाही, जाळू तर नयेच, आणि खाडीकाठी पडलेली कवचं आत्ताच दिसू लागली आहेत.

आगाऊ रक्कम देण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात एक फेरी मारा. परवाना १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो आणि तो होडीला चिकटलेला असतो. जुनीच्या बदल्यात नवी आणताना कोणती परवानगी आधी लागते, हे आधीच विचारलेलं बरं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्याच्या बदल्यात होडी आणि जाळी, असा घटक आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. पण हे टक्के सरकारने ठरवलेल्या घटक खर्चावर मोजतात, कारखानदाराच्या कोटेशनवर नाही. अनुदान गृहीत धरून मोठी होडी सांगितली की मधला फरक सावकाराकडे जातो. योजना चालू आहे का, यादीत नाव कधी येईल, तेही तिथेच कळेल.

वापरलेली फायबरची होडी घेणार असाल तर भरल्या वजनानिशी समुद्रात नेऊन बघा, आणि तिच्यावर सोसायटीची बाकी, बँकेचा बोजा किंवा दंड नाही ना हे कागदावर घ्या. विक्रेत्याच्या तोंडी 'काय नाय रे' वर जाऊ नका. जुनी मोडलीत तर इंजिन, शाफ्ट, पंखा आधी उतरवून घ्या, तिची नोंदणी रद्द करून घ्या, आणि इंजिन नव्या होडीत गेलं की त्याचा क्रमांक नव्या नोंदणीत चढला का, ते स्वतः वाचून बघा.