मोटारींची जत्रा

जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ, पालखी आणि खेळण्यांची दुकाने येतात. अमेरिकेत एक जत्रा भरते ती जुन्या मोटारींची. आज आपण तिची माहिती घेऊ.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांसाठी नावाजलेले शहर आहे. तेथून वुडवर्ड नावाचा रुंद रस्ता निघतो. या रस्त्यावर फर्नडेल नावाचे गाव आहे. 1995 साली तेथल्या लोकांना मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायचे होते. त्यांनी ठरवले, जुन्या मोटारी बाहेर काढू आणि रस्त्याने मिरवू. पाहायला ही गर्दी लोटली! तेव्हापासून ऑगस्ट महिन्यात ही जत्रा भरू लागली. फर्नडेल ते पॉन्टियाक सुमारे 16 मैल, म्हणजे जवळजवळ 26 किलोमीटर, गाड्यांची रांग लागते. तिकीट नाही. माणसे घरून खुर्च्या आणतात आणि रस्त्याच्या कडेला बसून पाहतात.

हा रस्ता साधासुधा नाही. 1909 साली याच रस्त्याचा एक मैलाचा तुकडा सिमेंट काँक्रीटचा केला गेला. लांबलांबचे लोक तो पाहायला येत. याच रस्त्यावर हायलंड पार्क येथे हेन्री फोर्ड यांचा कारखाना होता. फोर्ड यांनी 1908 साली मॉडेल टी ही मोटार विकायला काढली. किंमत होती 850 डॉलर. ती गरिबाला कशी परवडणार?

मग 1913 साली कारखान्यात नवी रीत आली. कामगाराने गाडीकडे जायचे नाही. गाडीच सरकत कामगाराकडे यायची. एकाने बोल्ट घालायचा, दुसऱ्याने तो आवळायचा. पूर्वी गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत. आता ते काम सुमारे दीड तासात होऊ लागले.

पण दिवसभर एकच बोल्ट आवळून माणूस कंटाळतो. कामगार भराभर काम सोडून जाऊ लागले. तेव्हा जानेवारी 1914 मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. आधी नऊ तासांना अडीच डॉलरही मिळत नसत. अर्थात अटी होत्या. कामगार घरी कसा राहतो याची चौकशी करायला कंपनीची माणसे दारात येत. पोटासाठी लोकांनी तेही सोसले.

पुढे गाडीची किंमत 300 डॉलरच्या खाली आली. आता हिशेब करा. अडीच डॉलर रोजाने 850 डॉलर मिळवायला 340 दिवस राबावे लागे. पाच डॉलर रोजाने 300 डॉलर 60 दिवसांत होतात. गाडी बनवणारा गाडी घेऊ शकेल, असे दिवस आले. 1927 पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

जत्रेतली प्रत्येक गाडी म्हणजे इतिहासाचे एक पान आहे. फार जुन्या गाडीला पुढे हँडल असते. हँडल मारून इंजिन सुरू करताना उलटा झटका बसे, कधी हातही मोडे. 1912 साली कॅडिलॅक गाडीला विजेवर सुरू होणारे यंत्र बसले आणि ती भीती गेली. 1950 नंतरच्या गाड्यांना मागे माशाच्या परासारखे पंख दिसतात. ते केवळ ऐटीचे! पण त्या ऐटदार गाड्यांत बहुधा सुरक्षेचा पट्टा नसे. 1968 पासून नव्या गाड्यांत पट्टा कायद्याने सक्तीचा झाला. म्हणून आम्ही म्हणतो, जुने जपावे, पण त्यातले उणे काय तेही ओळखावे.

अमेरिकन मोटार आपल्याकडेही आली. 1928 साली मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स कंपनीने मोटारी जोडण्याचा कारखाना काढला.

मोटारीवर कंपनीचे नाव असते. बोल्ट आवळणाऱ्याचे नाव कुठेच नसते. डेट्रॉइटच्या कितीतरी घरांतले बाप-आजे या कारखान्यांत राबले. जुनी गाडी पुसून-पासून रस्त्यावर आणली म्हणजे त्यांच्याही हातांची आठवण निघते. आपल्या घरी जुना चरखा, जाते किंवा अवजार असेल. ते कोणी घडवले, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते!

प्रश्न
1. फर्नडेलच्या लोकांनी मोटारी रस्त्यावर का आणल्या?
2. कामगार काम सोडून का जात होते?
3. रोज पाच डॉलर मिळाले, तर 850 डॉलर किती दिवसांत होतील?