एमजी देण्याआधी

मराठी पिक्चरचं वितरण करायचंय, थोडे पैसे बाजूला आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारत तरुण मंडळी माझ्याकडे येतात. बहुतेकांनी पिक्चर आधीच निवडलेलं असतं. निर्माता ओळखीचा असतो, रफ कट बघून डोळे पाणावलेले असतात आणि एमजीचा, म्हणजे मिनिमम गॅरंटीचा आकडाही जवळपास ठरलेला असतो. मी त्यांना पिक्चरबद्दल काही विचारत नाही. खिडकीवर दिलेले दोनशे रुपये तुमच्या खात्यात येईपर्यंत वाटेत कोण कोण हात घालणार, तेवढं लिहून दाखवा म्हणतो. इथेच बरेच जण अडखळतात.

आपणच लिहून बघू. दोनशेच्या तिकिटात अठरा टक्के जीएसटी आत धरलेला असतो. तो गेला की उरतात साधारण १६९ रुपये. पूर्वी महाराष्ट्रात मराठी पिक्चरला करमणूक कर माफ होता, तो फायदा १ जुलै २०१७ पासून संपला. (शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये पाच टक्क्यांवर आला, पण मल्टिप्लेक्समध्ये शंभराचं तिकीट आठवड्यातून किती शोंना असतं?) आता उरलेल्या १६९ चा वाटा. २००९ साली हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं फाटलं आणि दोनेक महिने नवी पिक्चरं लागलीच नाहीत. तडजोड झाली ती अशी : वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३०. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण बोलणी अजून याच पायावर चालतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात एका तिकिटामागे तुमच्याकडे ८५ रुपये.

त्यातून प्रसिद्धीचा खर्च जातो. डिजिटल कंपनीची व्हीपीएफ, म्हणजे व्हर्च्युअल प्रिंट फी जाते. रिळांच्या जमान्यात प्रिंटचे पैसे लागायचे, ते वाचले म्हणून आम्ही आनंद मानला, पण त्या जागी ही पडद्यामागे किंवा शोमागे आकारली जाणारी फी येऊन बसली. शोला चार माणसं आली तरी फी पूर्ण.

समजा, एमजी चाळीस लाख आणि प्रसिद्धी धरून बाकी खर्च तीस लाख. सत्तर लाख नुसते परत यायला पंच्याऐंशीच्या हिशोबाने ब्याऐंशी हजारांवर तिकिटं खपायला हवीत. शोला सरासरी पन्नास प्रेक्षक धरले, आणि तो आकडा मी उदार मनाने धरतोय, तर सोळाशेवर शो. दिवसाला दीडशे शो मिळाले तरी अकरा दिवस. पण दुसऱ्या शुक्रवारपासून तुमचा वाटा कमी होतो आणि तोवर दीडशे शो टिकत नाहीत. एवढं केल्यावर तुम्ही शून्यावर येता. त्यानंतर कमिशन, आणि त्यानंतर जो ओव्हरफ्लो उरेल त्यात निर्मात्याची भागीदारी. मुद्दल तुमचं असूनही रांगेत सर्वांत मागे उभे तुम्हीच. जीएसटी, थिएटर, डिजिटल कंपनी, पोस्टर लावणारा, सगळे आपापलं घेऊन गेल्यावर तुमची पाळी येते.

म्हणून व्यवहाराचा प्रकार आधी आणि पिक्चर नंतर. आउटराइट घेतलं तर सगळे हक्क तुमचे, तोटाही तुमचा. एमजीत बुडालेली रक्कम परत मागता येत नाही. ॲडव्हान्स परतीच्या बोलीवर असतो, म्हणजे पिक्चर पडलं तर निर्मात्याने फरक द्यायचा. मात्र पडलेल्या पिक्चरच्या निर्मात्याकडून पैसे वसूल करणं हा स्वतंत्र धंदा आहे. कमिशनवर घेतलं तर प्रसिद्धी निर्मात्याची, धावपळ तुमची, आणि आलेल्या शेअरमधून ठरलेले टक्के आधी तुमचे. यात श्रीमंत होता येत नाही. घरावर कर्जही चढत नाही.

आता कागद. मी या धंद्यात लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये शिकलो. तिथे जुनी माणसं पिक्चरची गोष्ट ऐकण्याआधी लॅब लेटर मागायची. लॅब लेटर म्हणजे लॅबने तुमच्या नावाने लिहून दिलेली कबुली की माल तुम्हाला मिळेल, मध्ये कुणाचा अडसर नाही. निगेटिव्ह गेली, डीआय (डिजिटल इंटरमीडिएट) आणि हार्ड डिस्क आल्या, तरी त्या कागदाचं महत्त्व तसूभर कमी झालेलं नाही. हे माझ्या अंगावर आलं ते असं. एका पिक्चरचं बुकिंग बुधवारी उघडलं. संध्याकाळी लॅबमधून फोन, ‘फायनान्सरचं पत्र आलंय, त्याचे पैसे चुकते झाल्याशिवाय मास्टर बाहेर द्यायचा नाही.’ निर्मात्याने मला लेखी दिलं होतं की पिक्चरवर कसलाही बोजा नाही. त्याला फोन लावला तर म्हणाला, ‘दादा, ते जुनं मॅटर आहे, मिटलंय.’ मिटलेलं नव्हतं. फायनान्सरची माणसं लॅबच्या खाली रिसेप्शनमध्येच बसलेली होती, चहा पीत. घाई त्यांना नव्हती, आम्हाला होती. होर्डिंगसाठी राखून ठेवलेली रक्कम त्यांच्याकडे वळवली आणि मध्यरात्रीनंतर माल सुटला. पण थिएटरच्या सर्व्हरवर पिक्चर उघडायला केडीएम म्हणजे त्या त्या सर्व्हरची, ठरलेल्या मुदतीची चावी लागते. त्या चाव्या बनून जाईपर्यंत विदर्भातले सकाळचे शो रद्द झाले. एका मॅनेजरने त्या पडद्यावर दुसरं पिक्चर चढवलं, ते बरं चाललं, आणि आमचं तिथे लागलंच नाही. पैसे निर्मात्याकडून वळते करून घ्यायचं कलम करारात होतं. कलम अजून आहे, पैसे यायचेत.

तेव्हापासून निर्मात्याच्या हमीवर मी थांबत नाही. फायनान्सरचं ना-हरकत पत्र, लॅबचं पत्र, संगीताचे आणि मूळ कथेचे हक्क निर्मात्याकडे कसे आले याची साखळी, हे सगळं पहिला हप्ता देण्याआधी माझ्या फायलीत लागतं. ट्रेड साप्ताहिकात आणि एका मराठी दैनिकात जाहीर नोटीस देतो : अमुक पिक्चरचे हक्क आम्ही घेत आहोत, कुणाचा दावा असेल तर चौदा दिवसांत कळवा. ज्याचे पैसे अडकलेत तो प्रदर्शनाच्या आठवड्याची वाट बघत बसलेला असतो, कारण तेव्हाच तुमची मान त्याच्या हातात सापडते. शेवटच्या क्षणी स्थगिती मागणाऱ्यांचे मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटले आहेत हे खरं, पण त्या भरवशावर शुक्रवार काढता येत नाही.

करारात काय लिहिलेलं नाही, तेही वाचावं लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वकिलाकडून एकदा समजून घ्या. हक्क किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते गळून पडतात. चांगल्या तारखेची वाट बघत पिक्चर कपाटात ठेवणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. ओटीटीवर पिक्चर किती आठवडे येणार नाही, तेही आकड्यात घाला. तिसऱ्या आठवड्यात ते मोबाइलवर दिसलं तर थिएटरवाला तुमचा फोनही घेत नाही.

प्रदेशाबद्दल एक गंमत सांगतो. देशात इंग्रज राहिले नाहीत, निजाम राहिला नाही, पण आमच्या धंद्यात आहेत. मराठवाडा ‘निझाम’ सर्किटमध्ये, विदर्भ आणि खानदेश इंग्रजकालीन प्रांताच्या नावाच्या ‘सीपी-बेरार’मध्ये, आणि मुंबई सर्किटमध्ये गोव्यापासून गुजरातपर्यंत सगळं. सीपी-बेरार ज्यांच्याकडे येतं, त्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्यालय भुसावळला आहे. करारात नुसतं ‘महाराष्ट्र’ असं लिहिलं की गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा कुणाचे, यावरून पुढे वाद होतो. जिल्ह्यांची नावं लिहा. परदेशाचं वेगळं लिहा, कारण न्यू जर्सी किंवा बे एरियात मराठी मंडळी शनिवार-रविवारचे शो स्वतः भरवतात, आणि गाजलेल्या पिक्चरचा तो पैसा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

आता शो. मराठी पिक्चरला थिएटर मिळत नाही ही ओरड जुनी आहे. १९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरमध्ये लागायचा तर शिवसेनाप्रमुखांना मध्ये पडावं लागलं होतं. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये मराठी पिक्चर दाखवायची सक्ती केली. आधी वेळ सायंकाळी सहा ते नऊ होती, ओरडा झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली. त्यामुळे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा शोसुद्धा कागदावर प्राइम टाइमच. मला विचाराल तर भांडण शोच्या संख्येसाठी करू नका, वेळेसाठी करा. साडेतीनशे शो लागले म्हणून पेढे वाटणारे निर्माते मी पाहिलेत. त्यांतले दोनशे सकाळी नऊ-दहाचे होते. रिकामा शो नुसता रिकामा राहत नाही. सोमवारी प्रोग्रामिंगवाला त्याचा आकडा बघून तुमचा संध्याकाळचा शो कापतो. ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूरला मोजके पडदे आणि संध्याकाळच्या वेळा घ्या, भरले की वाढवा. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ च्या पावसाळ्यात बायकांच्या गटांनी उचलून धरलं, तेव्हा वाढलेले शो वितरकाने मागितले म्हणून वाढले नव्हते, तिकिटं मिळेनात म्हणून वाढले होते.

सिंगल स्क्रीनला मात्र माणूस पाठवा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या टॉकीजला मी स्वतः दारात उभा होतो. डोअरकीपरला म्हटलं, ‘मामा, गर्दी बरी दिसतेय.’ तो म्हणाला, ‘गर्दी लई हाय. तुमच्या कागदावर किती येती, ते म्यानेजरला इचारा.’ मध्यंतरात मी रांगा मोजल्या. रात्री हातात पडलेल्या डीसीआरवर, म्हणजे रोजच्या कलेक्शनच्या तक्त्यावर, त्याच्या निम्मी माणसंही नव्हती. मामाच दारात तिकिटं अर्धी न फाडता सबंध घेत होता आणि ती पुन्हा खिडकीवर जात होती. ऑनलाइन बुकिंगने हे पुष्कळ आटोक्यात आलं, पण खिडकीवरची विक्री जास्त असते तिथे तुमचा प्रतिनिधी पहिल्या शोपासून हवा, आणि तिकिटाचा सुरुवातीचा व शेवटचा क्रमांक त्याने रोज टिपायला हवा. तसा माणूस परवडत नसेल तर टक्क्यांच्या भानगडीत न पडता फिक्स्ड हायरवर, ठरलेली रक्कम आगाऊ घेऊन पिक्चर द्या.

मल्टिप्लेक्सचे पैसे बुडत नाहीत, उशिरा येतात. पोस्टर छापणारा आणि रिक्षावर फ्लेक्स लावणारा तेवढे दिवस थांबत नाही. दीड-दोन महिने तगायचे पैसे वेगळे ठेवा, ते एमजीत घालू नका.

आणि पहिली दोन-तीन पिक्चरं कमिशनवरच करा. निर्माता म्हणेल, तुमचा आमच्या पिक्चरवर विश्वास नाही. म्हणू द्या. एमजी देणारा दुसरा कुणी त्याला मिळाला तर ते पिक्चर हसतमुखाने सोडून द्या. वर्षाला शंभराच्या आसपास मराठी पिक्चरं लागतात.